धुराची आवक

१

राहात्याच्या आबासाहेब गाडेकरांना धूर वाचता येतो, हे बाजार समितीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावरून त्यांची फिरकी घ्यायचा हक्कही सगळ्यांना होता.

आबासाहेब डाळिंबाचे आडते. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच, पण फळावर टिचकी मारून आतल्या दाण्याचा रंग सांगतील असा हात. काही वर्षांमागे ऐन थंडीत त्यांची एक गाडी दिल्लीच्या अलीकडं शेतं जाळल्याच्या धुरात अडकली. ड्रायव्हरला बोनेटच्या पुढचं दिसेना. माल कसाबसा पोचला, तर तिथल्या व्यापाऱ्यानं एक फळ फोडलं, नाकाशी नेलं आणि फोनवर विचारलं, "आबासाहेब, डाळिंब भाजून कधीपासून पाठवायला लागलात?"

हा किस्सा आबासाहेब स्वतःच रंगवून सांगायचे, समोरच्याला चहा पाजून सांगायचे. पण मनाला तो लागला होता. त्यांनी नगरच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या पुतण्याला, रविराजला गाठलं. "गाडी निघायच्या आधी धूर कळंल, असं काही हाय का रं?" रविराजनं उपग्रहाची रोजची चित्रं दाखवणारी एक साइट उघडून दिली. पुढचं आबासाहेब आपलं आपण शिकले. ढग पांढरा, धुकं दुधाळ, धूर राखाडी. जिथं आग तिथं लाल ठिपका. ठिपक्यापाशी धूर दाट, आणि वारा नेईल तिकडं पसरत, पातळ होत, शेवटी विरून जाणारा. उपग्रह दुपारी वरून जायचा, आणि संध्याकाळचा चहा येईस्तोवर चित्र हाती यायचं. मग ड्रायव्हरला फोन: "आजची रात ग्वाल्हेरलाच काढ. पुढं अंधार हाय."

शेजारच्या गाळ्यातला कांद्याचा व्यापारी बजरंग त्या वेळेला हटकून चहाला यायचा. "आबा, आमच्या घरची भाजी करपली का, तेवढं बघा त्यात. म्हंजे जेवायला हाटेलातच जातो."

"भाजी दिसत न्हाई बाबा. पर तुझी बायको तापलेली दिसती."

यंदाचा एप्रिल होता. उत्तरेकडं गव्हाचं काड पेटत होतं, छत्तीसगडची जंगलं धुमसत होती, पार ब्रह्मदेशच्या डोंगरांवर लाल ठिपक्यांची गर्दी होती. आपल्या गाड्यांचा त्यांच्याशी संबंध नसला तरी आबासाहेब सगळं बघायचे. अख्खा मुलूख एका काचेवर दिसतो, याचं त्यांना अजून कौतुक होतं.

त्या दिवशी त्यांचा कप ओठापाशीच थांबला. छत्तीसगडच्या एका ठिपक्यातून धूर निघाला होता. ठिपक्यापाशी तो केसासारखा बारीक होता, आणि पुढं पुढं दाट होत गेला होता. वर वारा पश्चिमेकडून येत असताना तो पश्चिमेकडंच निघाला होता.

आबासाहेबांनी रुमालानं काच पुसली. चित्र उलटं छापलं असंल, असं स्वतःला सांगितलं आणि चहा घेतला. चहा गार झाला होता.

२

दुसऱ्या दिवशी तसे चार-पाच धूर होते. एक पंजाबातून उतरलेला, एक हिमालयाच्या पायथ्याच्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, रानातला, एक ब्रह्मदेशातून बंगालवरून आलेला. सगळे आगीपाशी बारीक, सगळे पुढं दाट, आणि सगळ्यांचं तोंड आपल्या बाजूला.

त्यांनी रविराजला फोन लावला. तो समंजस पोरगा, काकांना कधी उडवून लावायचा नाही. "काका, उपग्रह एका दमात सगळा देश टिपत नाही. पट्टे पट्टे घेतो, ते नंतर जोडतात. जोडताना घोळ होतो. शिवाय राजस्थानची धूळ असते, तीही धुरासारखीच दिसते."

"आन् वाऱ्याचं काय?"

"खालचा वारा वेगळा, वरचा वेगळा. घाबरू नका, दोन दिवसांत जाईल."

बोलणं पटण्यासारखं होतं. आबासाहेबांनी ते पटवून घेतलं, आणि ते एक दिवस टिकलं.

तिसऱ्या दिवशी चित्र बघताना त्यांच्या डोक्यात जे आलं ते भूगोलाचं नव्हतं, धंद्याचं होतं. आयुष्यभर त्यांनी माल चालताना पाहिला होता. सांगोल्याचं डाळिंब राहात्याला का येतं? त्याला कोणी हाकलत नाही. इथं मागणी असते म्हणून ते येतं, लांबून लांबून येतं, वाटेतल्या वाटा एकमेकींना मिळत जातात आणि बाजाराच्या तोंडाशी गाड्यांची दाटी होते. समोरचं चित्र हुबेहूब तसं होतं. या धुराला वारा ढकलत नव्हता. कुठंतरी त्याला मागणी होती.

त्यांनी बोटानं वाट धरली. जालन्यावरून, वैजापूरवरून, गोदावरी ओलांडून. सगळ्या वाटा एक झाल्या होत्या, आणि ती एक वाट निमुळती, काळीभोर होत राहात्याच्या जरा बाहेर, चितळी रस्त्याच्या अंगाला टेकली होती. चित्र आणखी मोठं केलं तर नुसते चौकोन दिसायला लागले.

चितळी रस्त्याला त्यांचं घर होतं.

ते उठून बाहेर आले आणि वर बघत राहिले. आभाळ स्वच्छ, निळं, दोन घारी फिरत होत्या.

"काय आबा, इमान बघताय व्हय?" बजरंगनं गाळ्यातूनच विचारलं.

"धूर."

"कुठंय?"

"न्हाई ना. तेच बघतोय."

३

घराला लागून गोदाम. गोदामात पुठ्ठ्याची खोकी, कागदाच्या चिंध्या, भाताचा पेंढा. ठिणगी पडायचा अवकाश. आबासाहेबांनी मनाशी हिशेब मांडला, आणि हा हिशेब ते कोणाला बोलून दाखवणार नव्हते: आग लागायची आहे, आणि तिचा धूर आधी येऊन थांबलाय. असं होत नसतं, हे त्यांनाही कळत होतं. पण नुकसान दिसायला लागलं की का ते विचारत बसायचं नाही, आधी माल हलवायचा, ही त्यांची रीत होती.

त्यांनी गोदाम मोकळं केलं. वायरमन बोलावून सगळ्या वायरी तपासून घेतल्या. टँकर मागवून टाकी काठोकाठ भरली. आता घरात विस्तव असा एकाच जागी उरला: मागच्या पडवीतल्या चुलीत.

घरात गॅस होता, पण त्यांच्या बायकोची, लंकाबाईंची भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. भाऊभाऊ वेगळे निघाले तेव्हा सासूनं आपल्या चुलीतले निखारे खापरात घालून या सुनेच्या हाती दिले होते. तेव्हापासून लंकाबाईंनी ते विझू दिले नव्हते. रात्री राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकर घालून जागे करायचे. गावाला गेल्या तरी शेजारच्या छबूबाईंना सांगून जायच्या, जनावर राखायला सांगावं तसं.

लंकाबाई देवळात गेल्या होत्या. आबासाहेबांनी बादली उचलली आणि चुलीत ओतली.

चर्र झालं. वाफ उठली. ती वर पत्र्याकडं जायला हवी होती. ती जमिनीसरशी पसरली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथं थोडी रेंगाळून दिसेनाशी झाली.

मागून लंकाबाईंचा आवाज आला. "आवो, काय केलंत हे?"

"आग लागू ने म्हणून केलं."

"ह्या चुलीनं आग लागंल? इतकी वर्सं लागली न्हाई ती?" त्यांचा आवाज चढला नाही, त्यानंच आबासाहेबांना कसंतरी झालं. "विस्तव झाकत्यात, आवो. पानी वतून मारीत न्हाईत."

"उद्या काडी लावू की. काडीनं पेटतीच चूल."

लंकाबाई चुलीपुढं बसल्या. त्यांनी ओल्या राखेत हात घातला, एक कोळसा बाहेर काढला आणि मुठीत धरून बसल्या. बराच वेळ. मग मूठ उघडून पाहिली.

"गार पडलं," म्हणाल्या.

४

त्या रात्रीपासून लंकाबाईंना थंडी वाजायला लागली. बाहेर एप्रिलचं ऊन फुफाटा उडवत होतं आणि त्या माजघरात गोधडीत. डॉक्टर आले, ताप नाही म्हणाले, रक्त तपासलं, सगळं ठीक म्हणाले. "मावशी, चेष्टा करताय का आमची?" असंही हसून म्हणाले. लंकाबाई पण हसल्या. हसताना त्यांचे दात वाजत होते.

चूल पेटली नाही. काडी पेटायची, कागद पेटायचा. लाकडाला लागलं की काळं पडून विझायचं. लाकडं ओली असतील, म्हणून आबासाहेबांनी दुसरी आणली. तीही ओलीच निघाली म्हणायची.

सकाळी त्यांनी देवापुढं उदबत्ती लावली. तिचा धूर बोटभर वर गेला, आणि कोणी हातानं दाबावा तसा वाकून आडवा झाला. एका रेषेत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून, तो देवघरातून निघून माजघराच्या दारात शिरला. पंख्यानं होत असंल. त्यांनी पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. घर इतकं शांत झालं की आतल्या खोलीतला लंकाबाईंचा श्वास ऐकू यायला लागला. धूर त्याच वाटेनं जात राहिला.

आबासाहेबांनी उदबत्ती विझवली आणि लंकाबाईंच्या भावाला, भीमाला कोपरगावला फोन केला.

"मला कशाला काढताय घराबाहीर?" लंकाबाई गाडीत बसताना म्हणाल्या.

"हवापालट गं. चार दिस माहेरी राहा. भीमाच्या हातचा चहा पी, म्हंजे माझ्या चहाची किंमत कळंल."

एक सांगायला हवं. आबासाहेबांनी बायकोला हवेसाठी पाठवलं नव्हतं. माल खराब निघतोय की गोदाम खराब आहे, हे कळत नसेल तर आडत्या एक खोकं दुसरीकडं ठेवून बघतो. ते तसं बघत होते, आणि आपण तसं बघतोय याची त्यांना लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी चित्र यायच्या वेळेला त्यांनी कॉम्प्युटर लावलाच नाही. बजरंग चहाला आला तर त्याला काहीबाही सांगून घालवला. तेवढ्यात फोन वाजला. रविराज होता.

"काका, तुम्ही आज कोपरगावला आहात का?"

"न्हाई. का रं?"

"मीही बघतोय रोज. तुम्हाला म्हणालो होतो, पट्टे जोडताना... पण ते तसं नाहीये. ते टोक काल राहात्यावर होतं. आज नदीच्या काठी सरकलंय." मग अगदी हळू, "काका, तिथं कोण आहे?"

"तुझी काकू."

रविराज म्हणाला, "मी विचारतो कुणाला तरी," आणि कुणाला ते त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी भीमाचा फोन. "दाजी, ताईची काळजी करू नका, ती झोपून हाय. एक गंमत सांगू का? आमच्या गल्लीत सकाळधरनं कुणाचा गॅस पेटंना. बायका म्हणत्यात सिलिंडरंच खराब आली. समद्यांची एकदम कशी खराब येतील हो?" तो हसला, मग हसायचा थांबला. "दाजी, ताईला न्या असं म्हणत न्हाई मी. तिचंच घर हाय हे."

"येतो सकाळी," आबासाहेब म्हणाले.

५

परत येताना रस्त्याकडेला एक वीटभट्टी लागली. भट्टीचा धूर सरळ वर चढत होता, आणि गाडी समोर येताच तो वाकला. आबासाहेबांनी आरशात बघितलं. धूर रस्त्यावर उतरून गाडीच्या मागं येत होता, मग बाजूनं, मग खिडकीच्या बरोबरीनं. त्यांनी पाय दाबला. गाडी जोरात निघाली. धूर तिच्याबरोबर निघाला, घाई न करता.

"काच वर घे."

"राहू द्या," लंकाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "बरं वाटतंय."

घरी पोचल्या पोचल्या आबासाहेब खापर घेऊन छबूबाईंच्या दारात उभे राहिले. उभ्या आयुष्यात ते कोणाच्या दारात काही मागायला उभे राहिले नव्हते.

"अगं बया!" छबूबाई म्हणाल्या. "तुमच्या घरनं अख्ख्या वस्तीनं विस्तव न्हेला, आन् आज तुमी मागायला? लंकाबाई काय म्हणंल?"

"तिच्याचसाठी न्हेतोय. मी विझवला, वैनी. पानी वतून."

छबूबाईंचं हसू गेलं. त्यांनी काही न विचारता आपल्या चुलीतले सगळ्यात मोठे, लालबुंद निखारे खापरात भरले. आबासाहेब ते दोन्ही हातांत धरून, पावलं जपत अंगणातून चालले. निखारे अंगणभर लाल होते. उंबऱ्याशी ते एकेक करून मावळले, दिवे घालवत कोणी खोलीखोलीतून जावं तसे. चुलीपाशी पोचले तेव्हा खापर गार पडलं होतं.

आतून श्वास ऐकू येत होता.

आबासाहेब माजघरात गेले. दुपार होती, खिडकीतून उन्हाची एक पट्टी पलंगावर पडली होती. ते ऊन तांबूस होतं, आणि भिंतीवर पलंगाची सावली तपकिरी. लंकाबाई उताण्या निजल्या होत्या, तोंड थोडं उघडं. उन्हाच्या पट्टीत काहीतरी हलत होतं. आधी त्यांना धूळ वाटली. मग त्यांनी पाहिलं की ते सगळं एकाच बाजूला चाललंय: खिडकीच्या फटीतून, दाराखालून, पत्र्याच्या सांध्यातून, कोष्ट्याच्या हाताखालच्या सुतासारखं बारीक. लंकाबाईंनी श्वास घेतला की ते आत जायचं.

श्वास सोडला की बाहेर काही यायचं नाही.

आबासाहेब दाराला धरून उभे राहिले. त्यांनी मोजलं नाही. ते नुसतं ऐकत राहिले. आत, आत, आत. पंजाबातलं काड, छत्तीसगडची पानं, ब्रह्मदेशचा बांबू. त्यांना सगळ्याचा वेगवेगळा वास येत होता, ओळखीच्या गावांच्या पोत्यांसारखा.

६

पुढच्या दोन दिवसांत चित्रातलं धुराचं टोक दाट होत गेलं आणि शेपटं आखडत गेली. आबासाहेबांनी दुकान उघडलं, गाड्या भरल्या, ड्रायव्हरांशी थट्टाही केली. काय करणार? मुलीला, सविताला मात्र नगरला फोन करून सांगितलं, "आईला बघायला येऊ नको."

"अहो दादा, असं कसं? मी उद्या निघते. बाळालाही आणते, आईला बरं वाटेल."

"येऊ नको म्हणतोय ना!" ते ओरडले. ते कधी लेकीवर ओरडले नव्हते. पलीकडं ती रडायला लागली, आणि त्यांनी फोन ठेवला, कारण ती रडली तर चालणार होतं, आली तर नाही.

त्या संध्याकाळचं चित्र त्यांनी उभ्यानंच पाहिलं. हिमालयापासून लंकेच्या समुद्रापर्यंत, सिंधपासून ब्रह्मदेशपर्यंत लाल ठिपकेच ठिपके. सगळीकडं पेटलेलं. आणि धूर कुठंच नाही. एवढा मोठा मुलूख इतका लख्ख त्यांनी कधी पाहिला नव्हता. नद्या दिसत होत्या, नद्यांचे वाळूचे काठ दिसत होते.

"काय आबा, आज कुठला धूर?" बजरंग चहा घेऊन आला.

"सगळा पोचला."

"मग बरं झालं की!"

आबासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आज रात्री बायकापोरांना घेऊन सासरवाडीला जा म्हणाले. बजरंगला वाटलं, यात पुढं काहीतरी विनोद आहे. तो वाट बघत उभा राहिला.

वाटेत आबासाहेब छबूबाईंच्या दारात थांबले आणि त्यांनाही तेच सांगितलं. त्या पिशवी भरायला आत गेल्या.

घरात लंकाबाई पलंगावर उठून बसल्या होत्या. गोधडी खाली पडली होती. कित्येक दिवसांनी चेहऱ्यावर रंग होता. लग्नाच्या वेळी होता तसा, दारापासून दिसणारा रंग.

"आलात?" त्या म्हणाल्या. "थंडी पार गेली बघा."

"बरं झालं गं."

"तहान लागलीय लई."

आबासाहेबांनी माठातलं गार पाणी तांब्यात घेतलं आणि त्यांच्या हाती दिलं. त्यांनी वरून धार धरली. पहिला घोट घशाखाली उतरला आणि खोलीत आवाज झाला. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा. एकदाच, आणि खोलवरून.

लंकाबाईंनी तो ऐकला. तांब्या खाली घेऊन त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. विस्तव कुठं पेटलाय ते नवऱ्यालाही समजलं आहे, हे त्यांना दिसलं.

"तुमी जा भाईर," त्या म्हणाल्या.

"गप बस."

"आवो, जा म्हणते ना."

आबासाहेब दारापर्यंत गेले. अंगणापलीकडं छबूबाई कुलूप लावत होत्या. दूर रस्त्यावर शाळेची पोरं सायकली हाणत, एकमेकांना शिव्या देत चालली होती. ते सगळं लांब जाईपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी दाराला आतून कडी घातली, पलंगाशी येऊन बसले, आणि हात पुढं केला.

"आण इकडं तांब्या," ते म्हणाले. "भरून देतो."